सूर्यफुलाच्या बियांची पुडी

लामारा आत्या दोरीवरची गाडी चालवायची,
चियातुरात, जिथे डोंगराच्या पोटात मँगनीज
आणि गाव डोंगराच्या खांद्यांवर.
खालचं ठाणं, वरचं ठाणं, मधे सहा मिनिटं.
गंजकी लोखंडी पेटी, खिडक्यांना गज,
आत खाणीवर निघालेले चौदा जण
आणि कधीमधी कुणाची शेळी.

फेऱ्यांच्या मधे ती गोष्टी वाचायची,
वाचनालयानं रद्दीत काढलेल्या मासिकांतल्या.
प्रत्येक गोष्टीत एक बाई.
घरात खोकणारा बाप, किंवा धाकटी भावंडं,
किंवा नवरा, जो वाईट नाही, नुसता आहे.
आणि बाहेर कुणीतरी, खिशात दोन तिकिटं.

शेवटचं पान ती वाचत नसे.
शिवणीशी बोट धरून अलगद फाडायची,
त्याची पुडी वळायची,
आत खारवलेल्या बिया. पुडीला पाच कोपेक.

म्हणजे शेवट सगळ्या गावाला ठाऊक, तिला सोडून.
बिया फोडता फोडता बेकरीवाली झुझुना वाचायची
की अमकीनं मुद्दाम गाडी चुकवली.
मुकादम वालिकोला माहीत होतं,
न्यायाधीशाची बायको गेली
आणि आठव्या दिवशी परतली, विसरलेल्या हातमोज्यांसाठी.
आत्या म्हणायची, सांगू नका.
शेवट आला की बाईची एक तर वरात निघते, नाही तर तिरडी.
मधे आहे तोवर माझी मैत्रीण आहे.

मग सुखुमीहून झाऊर आला, दोरांचा ताण मोजायला.
एका दिवसात अकरा फेऱ्या केल्या त्यानं, कुठेच न जाता.
घरी आजोबा. फुप्फुसात अर्धी खाण.
संध्याकाळी पाचला त्यांना चमच्यानं भरवायचं.
सप्टेंबरात एकदा वीज गेली
आणि पेटी अध्यात थांबली, नदीवर, चाळीस मिनिटं.
आत ती, तो आणि शेळी.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय,
ते आमच्या घरात तिला एकटीलाच शब्दशः ठाऊक.
काय बोलणं झालं? शेळीला विचारा.
त्या रात्री आजोबा साडेसातला जेवले, आणि रागावले.
गुरुवारी झाऊर गेला.

मी ही गोष्ट बारीत बसून लिहितेय, इटलीत,
सिन्योरा इप्पोलिताची पाठ पुसून झाल्यावर.
माझ्या बापाची पाठ शेजारीण पुसते,
मी पाठवते त्या पैशांत.
मी पळून आले नाही.
कुणी तिकिटं घेऊन उभं नव्हतं.
कर्तव्यानंच माझी बॅग भरली,
कर्तव्यच बसथांब्यापर्यंत सोडायला आलं
आणि हात हलवून घरी गेलं, माझ्या घरी.
अशी बाई त्या मासिकांत होती का?
असेल, एखाद्या शेवटच्या पानावर.

गुरुवारी दुपारी आम्हाला सुट्टी.
स्टेशनाजवळच्या बागेत आमच्याकडच्या बायका जमतात,
कुणी भुवया कोरून घेतं, कुणी पार्सलं बांधतं.
तिथे वरच्या वस्तीतल्या त्सियालानं
प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कागद काढला,
पुडीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.
तुझ्या आत्याचा, म्हणाली. का ठेवला कोण जाणे.

वाचला मी.
बाई बटाटे सोलतेय. खाली शीळ वाजते.
ती सुरी ठेवते, हात पुसते, दाराशी जाते आणि
इथे तेलाचा डाग.
कागद पारदर्शक झालाय, मागची जाहिरात पुढे आलीय.
ती दाराशी जाते आणि
शिवणयंत्र, सुलभ हप्त्यांवर.

रात्री आत्याला फोन लावला.
कान मंद झालेत, ओरडून सांगावं लागतं.
आत्या, एक शेवट सापडलाय, म्हटलं, तुझ्या पुडीचा.
पलीकडे खूप वेळ काही नाही. मागे कोंबड्या.
मग म्हणाली,
सांगू नकोस.
त्सियालाला विचार, मीठ बरोबर होतं का.